रेणूची रचना पाहून वास सांगता येतो का?

प्रश्न रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. वर्गात त्यांना शिकवलं, की वासाचा रेणू नाकातल्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे वास टिपणाऱ्या प्रथिनात, कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. बाहेर त्यांच्या वाचनात आलं, की नाक रेणूच्या कंपनांवरून वास ओळखतं. त्या विचारतात, २००४ साली वासाच्या संशोधनाला नोबेल मिळालं तेव्हा हा विषय मिटला नव्हता का? मिटला असेल, तर कागदावरची रचना पाहून वास का सांगता येत नाही? आणि या विषयात प्रकल्प करावा इतकं काही शिल्लक आहे का?

मी मुंबईत सुगंध आणि स्वादद्रव्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. नवा कच्चा माल आला की वास घेऊन त्याचं वर्णन लिहायचं, आणि वास घेणारं पॅनेल तयार करायचं, हे माझं रोजचं काम. त्यामुळे माझं उत्तर पुस्तकापेक्षा ब्लॉटरच्या, म्हणजे वास घ्यायच्या कागदी पट्टीच्या, बाजूने झुकलेलं असेल, हे आधी सांगते.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. नाक रेणू टिपतं कसं, हा एक. अमुक रेणूला अमुकच वास का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बऱ्यापैकी हाती आलं आहे आणि नोबेल त्यासाठीच होतं. दुसरा अजून उघडा आहे. किती उघडा, हे रेणूंचं कुटुंब कोणतं, तो किती पातळ केलाय आणि नाक कुणाचं आहे, या तिन्हींवर अवलंबून आहे. काही कुटुंबांत मी रचना पाहून वासाचा बराच जवळचा अंदाज करू शकते. काहींत मुळीच नाही.

माणसाने वासाचा अभ्यास सुरू केला तो वर्गवारीपासून. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी गंध हा पृथ्वीचा विशेष गुण मानला आणि त्याचे सुरभी आणि असुरभी असे दोनच प्रकार केले. युरोपात अठराव्या शतकात लिनियसने वासाचे सात वर्ग पाडले. वनस्पतींची वर्गवारी करणारा हाच तो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच शास्त्रज्ञ झ्वार्डेमाकरने नऊ केले. त्याने वासाची तीव्रता मोजायचं उपकरणही बनवलं. पुढे जर्मनीत हेनिंगने सहा मूळ वास एका प्रिझमच्या कोपऱ्यांवर बसवले. या सगळ्यांच्या मनात एक आशा होती, की रंगांचं जसं तीन मूळ रंगांवर भागतं तसं वासांचंही थोडक्या मूळ वासांवर भागेल. आशा चुकीची निघाली, पण ती फार काळ टिकली आणि तिने पुष्कळ काम करून घेतलं.

मधल्या काळात वासाची किंमत घसरली. त्याची एक बाजू आपल्या शहरात घडली. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला, तेव्हा दूषित, दुर्गंधीयुक्त हवेतून रोग होतो ही समजूत अजून जिवंत होती. प्लेगचा जंतू येर्सिनला हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच सापडला होता, आणि हाफकिनने मुंबईत बसून १८९७ च्या सुरुवातीला लस तयार केली. तरीही १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले, ते समुद्राचा वारा दाट वस्तीत शिरावा म्हणून. हवा खेळती राहणं चांगलंच. पण जंतूंचा सिद्धांत पक्का झाला तसा वास हा रोगाचं कारण राहिला नाही, आणि वैद्यकाचं नाकाकडचं लक्षही त्याबरोबर कमी झालं.

दुसरा फटका शरीररचनाशास्त्राचा. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका याने १८७९ च्या सुमारास पाहिलं, की माणसाच्या मेंदूच्या मानाने त्याचा घ्राणकंद, म्हणजे नाकातून आलेला वासाचा संदेश घेणारा मेंदूचा भाग, लहान आहे. यावरून माणूस वासाच्या बाबतीत दुबळा प्राणी ठरला. हे वाक्य पुढे शंभराहून अधिक वर्षं पाठ्यपुस्तकांत फिरत राहिलं. २०१७ साली जॉन मॅकगन या संशोधकाने ही समजूत तपासून तिला एकोणिसाव्या शतकातला गैरसमज म्हटलं. घ्राणकंद प्रमाणात लहान असला, तरी त्यातल्या चेतापेशींची संख्या इतर सस्तन प्राण्यांच्या तोडीची आहे. आम्हाला हे कामातून आधीच ठाऊक होतं. जूनमध्ये पहिली सर आली की मातीचा जो वास उठतो, त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन. पाण्यात तो एक लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. कित्येक उपकरणांना इथे नमुना आधी घट्ट करून घ्यावा लागतो. जाता जाता, पावसाच्या या वासावर ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली निबंध लिहिला. उत्तर प्रदेशातले अत्तरवाले भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून घेतात, याची नोंदही त्यात आहे. कारागिरांनी जे आधीच पकडलं होतं त्याला रसायनशास्त्राने नंतर नाव दिलं, असं या क्षेत्रात वारंवार घडतं.

आता किल्ली-कुलपाकडे येऊ. हा विचार वासाला नीट लावला तो जॉन अमूर याने, १९५२ पासून पुढे. त्याचं म्हणणं, कापरासारखे वास असलेले रेणू गोलसर, म्हणून ते गोल खोबणीत बसतात. कस्तुरीसारखे मोठे आणि चपटे, म्हणून त्यांची खोबण वेगळी. असे त्याने सात मूळ वास धरले. सातचा आकडा टिकला नाही. पण त्याने एक पद्धत दिली जी आजही सोन्यासारखी आहे: बाकी सगळे वास येतात पण एखादाच रेणू येत नाही, अशी माणसं शोधायची. ज्याच्याकडे एकच कुलूप नाही, त्याच्यावरून कुलपांची यादी करता येईल, हा त्यामागचा तर्क. पुढे याकडे परत यावं लागेल.

१९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांचा निबंध आला. त्यांचा विचार कसा चालला हे पाहण्यासारखं आहे, कारण तुमच्या प्रकल्पात असाच विचार करावा लागेल. तोवर रिसेप्टर प्रथिन हाती आलंच नव्हतं, म्हणून ते वेगळं काढण्याचा आटापिटा त्यांनी सोडून दिला. तीन गोष्टी गृहीत धरल्या. वासाचा संदेश पेशीत ज्या मार्गाने जातो त्यावरून रिसेप्टर जी-प्रथिनाशी (पेशीत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेल्या कुटुंबातले असावेत. वास इतके निरनिराळे आहेत त्या अर्थी ते कुटुंब मोठं असावं. आणि ते फक्त नाकाच्या आतल्या घ्राणपटलात व्यक्त होत असावेत. या तिन्ही चाळण्यांतून उंदराच्या जातीच्या प्राण्यात जनुकांचं एक प्रचंड कुटुंब निघालं. सस्तन प्राण्यांत अशी सुमारे हजार जनुकं असतात. माणसात त्यांतली सुमारे चारशे काम करतात, बाकीची उत्क्रांतीत निकामी झाली आहेत. तीन मूळ रंग आणि चारशे रिसेप्टर! मूळ वास शोधणाऱ्यांचा सगळा हिशोब इथे बदलला.

मग १९९९ साली बक यांच्याच गटाने, जपानी सहकाऱ्यांबरोबर, दाखवलं की एक रेणू अनेक रिसेप्टरांना चेतवतो आणि एक रिसेप्टर अनेक रेणूंना दाद देतो. पेटीवर एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबल्या की जो स्वरमेळ निघतो, तो कुठल्याच एका पट्टीत नसतो. वासाचं तसं आहे. नाकातली प्रत्येक चेतापेशी साधारण एकाच जातीचा रिसेप्टर मिरवते, एका जातीच्या सगळ्या पेशींचे तंतू घ्राणकंदात ठराविक ठिकाणी एकत्र येतात, आणि कोणती ठिकाणं उजळली याचा नमुना म्हणजे वासाची पहिली नोंद. २००४ चं नोबेल बक आणि अॅक्सेल यांना मिळालं ते याबद्दल. तुमच्या वर्गातली किल्ली-कुलूपाची गोष्ट चुकीची नाही, अपुरी आहे. किल्ली एकच, पण ती अनेक कुलपांत थोडी थोडी फिरते.

कंपनांचं काय? ही कल्पना जुनी आहे. माल्कम डायसनने १९३८ साली मांडली, आणि १९९६ साली लुका ट्यूरिनने तिला नवं रूप दिलं: रिसेप्टरमधून इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि रेणूच्या कंपनाची वारंवारता जुळली तरच ती उडी होते. कल्पना सुंदर आहे आणि तिची मोठी गुणवत्ता अशी, की ती तपासता येते. रेणूतल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचंच जड रूप, घाला. आकार जवळपास तोच राहतो, कंपनं बदलतात. वास बदलला तर कंपनवाद्यांचं खरं. २००४ साली केलर आणि वॉसहॉल यांनी अॅसिटोफिनोनचे असे दोन नमुने सामान्य माणसांना दिले. लोकांना फरक करता आला नाही. २०१३ साली दुसऱ्या एका गटाने कस्तुरीच्या वासाच्या मोठ्या रेणूंत लोकांना फरक कळल्याचं मांडलं. २०१५ साली मात्र ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचा कस्तुरी ओळखणारा रिसेप्टर पेशींत घालून तपासला, तेव्हा तो साध्या आणि ड्युटेरियमवाल्या मस्कोनला (कस्तुरीतल्या मुख्य रेणूला) सारखाच चेतला. माझ्या मते कंपनांची बाजू आता फारच कमकुवत झाली आहे.

या वादावरून एक गोष्ट सांगते जी निबंधांत दोन ओळींत उरकते आणि प्रयोगशाळेत आठवडे खाते. ती म्हणजे शुद्धता. बाटलीवर नव्व्याण्णव टक्के लिहिलेलं असतं. नाकाला त्या नव्व्याण्णवपेक्षा उरलेला एक टक्का जास्त ऐकू येऊ शकतो. आमच्याकडे नमुना जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक एकेक करून वेगळे करणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, चढवतात आणि स्तंभातून बाहेर पडणारा प्रवाह दोन वाटांनी फोडतात: एक यंत्राच्या डिटेक्टरकडे, दुसरा काचेच्या एका नळीतून, जिच्याशी माणूस नाक लावून बसतो. पडद्यावर मुख्य घटकाचा उंच डोंगर उमटत असतो आणि नाकापाशी जवळपास काहीच नसतं. मग डोंगर उतरल्यावर, पडद्यावर जिथे नुसती रेघ दिसते, तिथे एकदम उग्र, गंधकाचा, कांद्याकडे झुकणारा वास येतो आणि दोन श्वासांत निघून जातो. त्या बाटलीचा वास म्हणून जो आपण वर्णन करत होतो, तो या रेघेचा असतो. ड्युटेरियमचे नमुने वेगळ्या मार्गाने, वेगळ्या अभिकारकांपासून बनतात, त्यामुळे त्यांच्यातल्या अशुद्धीही वेगळ्या. त्यांच्या वासातल्या फरकाचा दावा वाचला की मी आधी शुद्धीकरण कसं केलं ते शोधते.

आता तुमचा दुसरा, अवघड प्रश्न. रचनेवरून वास का सांगता येत नाही?

कार्वोनपासून सुरू करा. डाव्या-उजव्या हातांसारखी याची दोन रूपं असतात. उत्कलनबिंदू तोच, घनता तीच, आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रमही तोच. एक ब्लॉटर बुडवला की पुदिना, स्पिअरमिंटचा, च्युइंगगममधला गोड गारवा. दुसऱ्या ब्लॉटरवर शेपूची भाजी निवडताना बोटांना राहतो तो वास. रिसेप्टर स्वतः असममित प्रथिनं आहेत, म्हणून त्यांना डावं-उजवं कळतं, इथवर ठीक. पण पुदिनाच का आणि शेपूच का, हे रचना सांगत नाही. आणि अशा अनेक जोड्या आहेत ज्यांची दोन्ही रूपं नाकाला जवळपास सारखी वाटतात.

उलट बाजू पाहा. बेंझाल्डिहाइडमध्ये बेंझिनचं कडं आहे. हायड्रोजन सायनाइडमध्ये फक्त तीन अणू. दोघांचंही वर्णन कडू बदामाचं होतं. (सायनाइडचं हे वर्णन वाचायचंच असतं, घ्यायचं नसतं.) कस्तुरीचा वास तर याहून मोठं कोडं आहे. १८८८ साली आल्बर्ट बाउर स्फोटकांवर काम करत असताना नायट्रो गट असलेला एक रेणू हाती आला आणि त्याला कस्तुरीचा वास निघाला. खऱ्या कस्तुरीतला मस्कोन म्हणजे पंधरा कार्बनचं मोठं कडं, रुझिच्काने १९२६ साली उलगडलेलं. नायट्रो कस्तुरी आणि मस्कोन शेजारी काढले तर कुणाला एका घरातले वाटणार नाहीत. नंतर आलेल्या, अनेक डिटर्जंटमध्ये गेलेल्या बहुवलयी कस्तुरी आणखी तिसऱ्याच घडणीच्या. नाकाला मात्र तिन्ही नातेवाईक वाटतात.

आणि प्रमाण. इंडोल हा मोगऱ्यात आणि जाईत असतो, आणि विष्ठेतही. कुपीतला घट्ट इंडोल मॉथबॉल आणि संडास यांच्यामधला कुठलातरी वास देतो. तोच खूप पातळ करून फुलांच्या मिश्रणात घातला नाही, तर मोगरा मोगरा वाटत नाही, साबणाचा वाटतो. रेणू एकच, रचना एकच. पातळ केल्यावर चेतणाऱ्या रिसेप्टरांची यादी बदलते, म्हणून वास बदलतो. तेव्हा या रेणूचा वास काय, असं कुणी विचारलं की आमचा पहिला उलटा प्रश्न असतो: किती टक्क्यांना?

रिसेप्टरांच्या पातळीवरही आपण अजून सुरुवातीलाच आहोत. माणसाच्या घ्राण-रिसेप्टरात रेणू नेमका कसा बसतो, याचं पहिलं स्पष्ट चित्र २०२३ साली मिळालं. तो रिसेप्टर होता ओआर५१ई२ आणि त्यात बसलेला रेणू प्रोपिओनेट, चीजच्या आंबूस वासातला. १९९१ ते २०२३. इतका वेळ लागला, कारण ही प्रथिनं प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये नीट तयारच होत नाहीत. चारशेंपैकी अनेकांना कोणता रेणू चेतवतो हेही ठाऊक नाही.

आता नाक कुणाचं, हा मुद्दा. मला या विषयात सगळ्यात जास्त हाच आवडतो. नवं पॅनेल बसलं की मी अँड्रोस्टेनोन या घामातही सापडणाऱ्या रेणूच्या ब्लॉटर वाटते आणि कुणी काही बोलायच्या आत लिहायला सांगते. एकजण कोरी ब्लॉटर दिली का म्हणून माझ्याकडे बघतो. शेजारची बाई मान मागे घेते आणि मुतारी लिहिते. तिसऱ्याच्या कागदावर चंदनासारखा, गोडसर असं असतं, आणि तो ब्लॉटर पुन्हा नाकाशी नेतो. तिघेही बरोबर. २००७ साली केलर, वॉसहॉल, मात्सुनामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ओआर७डी४ या एका रिसेप्टरमधल्या दोन अमिनो आम्लांच्या फरकाने यातला बराच भाग समजतो. अमूरची ती जुनी पद्धत इथे फळाला आली. बीटा-आयोनोन या रेणूचंही तसंच. एका जनुकातल्या फरकाने काहींना तो व्हायोलेट फुलांचा, तर काहींना आंबट आणि उग्र लागतो. कोथिंबिरीला साबणाचा वास येतो म्हणणाऱ्यांतही एका घ्राण-रिसेप्टरच्या आसपासच्या जनुकीय फरकाचा संबंध २०१२ साली दिसला, मात्र तिथे परिणाम लहान आहे. लहानपणापासून भाजीवर कोथिंबीर खाल्ली की नाही, याचा वाटा मला मोठा वाटतो.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वलांडीवर बोंबील सुकत असतात तेव्हा जवळून जाणाऱ्यांचे चेहरे पाहा. कुणी रुमाल काढतं, कुणाला भूक लागते. या वासातला एक मुख्य रेणू ट्रायमिथाइलअमाइन. अशा अमाइनांसाठी नाकात रिसेप्टरांचं वेगळंच लहान कुटुंब आहे, हे लिबर्लेस आणि बक यांनी २००६ साली शोधलं. २०२० साली आइसलँडमधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की या कुटुंबातल्या टीएएआर५ चं वेगळं रूप असलेल्यांना मासळीचा वास कमी तीव्र आणि कमी नकोसा वाटतो. काहींनी तर तो मासळीचा म्हणून ओळखलाच नाही. पण कोळीवाड्यातल्या सगळ्यांना हेच रूप लाभलं असेल, असा अर्थ काढू नका. वासाची सवय, घरातलं ताट आणि आठवण यांचं काम जनुकांच्या जोडीने चालू असतं.

हे काम मेंदूत कुठे होतं, याचाही थोडा पत्ता लागला आहे. घ्राणकंदात नकाशा नीटनेटका असतो. तिथून पुढे पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, मेंदूच्या वास हाताळणाऱ्या पुढच्या टप्प्यात, गेल्यावर तो विखुरतो. उंदरांच्या मेंदूत पाहिलं तर एकाच वासाला दाद देणाऱ्या पेशी तिथे सगळीकडे पसरलेल्या दिसतात, ठराविक जागी नाही. म्हणजे जन्मतः आलेली मांडणी तिथे फारशी उरत नाही आणि अनुभवाला लिहायला जागा मिळते. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला. पण भाजणीतून निघणाऱ्या साखर-मैद्याच्या रेणूंचं तसंच मिश्रण आजही कुठे नाकाशी आलं, की त्या भागात वाढलेला माणूस पार्ले म्हणतो आणि नागपूरकडचा माणूस बेकरी म्हणतो. रेणूंच्या यादीत हा फरक सापडणार नाही.

शिकण्याने खुद्द नाकही बदलतं. १९८९ सालच्या एका प्रयोगात अँड्रोस्टेनोन न येणाऱ्यांनी तो रोज हुंगला, आणि काही आठवड्यांत त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना तो येऊ लागला. घ्राणपटलातल्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, हे बहुधा याच्या मुळाशी असावं. कोविडनंतर वास गेलेल्यांना गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोन वेळा हुंगायला सांगतात, ती पद्धतही जर्मनीतल्या हुमेल यांनी २००९ साली, कोविडच्या कितीतरी आधी तपासलेली आहे.

मग संगणक? २०२३ साली एका गटाने सुमारे पाच हजार ज्ञात रेणूंवर मॉडेल शिकवून वासांचा नकाशा तयार केला. त्याने पूर्वी न पाहिलेल्या चारशेच्या आसपास रेणूंचे वास वर्तवले आणि पंधरा प्रशिक्षित माणसांच्या पॅनेलशी ते ताडून पाहिले. ५३ टक्के रेणूंच्या बाबतीत मॉडेलचं वर्णन पॅनेलच्या सरासरीच्या इतकं जवळ होतं, की पॅनेलमधला मध्यम सदस्यही तितका जवळ नव्हता. मी हे वाचून मनापासून खूश झाले. तुमच्या प्रश्नाला पहिल्यांदाच होकाराच्या दिशेने उत्तर मिळालं. पण ते उत्तर सुट्या रेणूंसाठी आणि सरासरी नाकासाठी आहे. मिश्रणं, प्रमाणानुसार बदलणारा वास आणि माणसामाणसातला फरक त्यात येत नाही, आणि बाजारात विकला जाणारा प्रत्येक वास हे मिश्रण असतं. शिवाय मॉडेल का बरोबर आलं, हे ते स्वतः सांगत नाही; रिसेप्टरांची साखळी अजून मध्ये अंधारातच आहे.

थोडक्यात तुमच्या तीन शंका: आकार विरुद्ध कंपन यात पुरावा आकाराच्या, नेमकं सांगायचं तर रिसेप्टरमधल्या रासायनिक जुळणीच्या बाजूने आहे. नोबेलने टिपण्याची यंत्रणा उघड केली, वासाचा अर्थ नाही. आणि शिल्लक काम भरपूर आहे.

प्रकल्पाचं म्हणाल, तर सगळ्या वासांचं भाकीत करणारं काही हाती घेऊ नका. एक लहान कुटुंब घ्या. माझी पसंती लिमोनीनला, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलातल्या रेणूला. अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं, की त्याचं एक रूप संत्र्याचं आणि दुसरं लिंबाचं. शुद्ध नमुने घेतले, तर दुसऱ्यात लिंबू सापडत नाही, टर्पेंटाइनकडे जाणारा वास येतो; लिंबाचा ओळखीचा वास मुख्यतः सिट्राल या दुसऱ्याच रेणूचा. पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य तुमच्याच जीसीवर आणि तुमच्याच वर्गमित्रांच्या नाकांवर तपासता येईल. किंवा सहा ते बारा कार्बनचे सरळ साखळीचे अल्डिहाइड घ्या आणि साखळी लांबत जाते तसं वर्णन कुठे वळतं ते नोंदवा. इथे रचनेवरून अंदाज बऱ्यापैकी चालतो, त्यामुळे तो कुठे चुकतो हे स्वच्छ दिसतं.

काही गोष्टी सांभाळा. हुंगायला प्रयोगशाळेतले अभिकारक कधीही वापरू नका, खाद्यदर्जाची स्वादद्रव्यंच मागवा, आणि मार्गदर्शकांची परवानगी घ्या. थायॉल, म्हणजे उग्र वासाची गंधकयुक्त संयुगं, तर महाविद्यालयात उघडूच नका. गॅसच्या सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून इथाइल मर्कॅप्टन घालतात, त्याच कुटुंबातली एक बाटली फुटली तर अख्ख्या इमारतीत गॅस गळतीची तक्रार जाईल. द्रव्यं एक टक्का किंवा त्याहून पातळ करा. ब्लॉटर नाकाला टेकवू नका. दोन नमुन्यांच्या मध्ये कॉफीच्या बिया हुंगायची गरज नाही, मोकळी हवा पुरते. प्रत्येकाने आधी लिहायचं, मग बोलायचं; एकाने मोठ्याने पुदिना म्हटलं की खोलीतल्या सगळ्यांना पुदिना येतो. प्रत्यक्ष पाहायचं असेल तर मुलुंडच्या वझे महाविद्यालयात सुगंधशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो, तिथल्या शिक्षकांना भेटा.

नमुने मागवताना शुद्धतेच्या दाखल्याबरोबर ऑप्टिकल रोटेशनचा (डावं रूप की उजवं, हे सांगणारा) आकडाही मागा, नाहीतर दोन रूपांचं मिश्रण एका नावाने येईल. लिमोनीनच्या बाटल्या लहान घ्या, काठोकाठ भरून, थंड आणि अंधारात ठेवा, कारण हवा लागली की ते ऑक्सिडाइज होतं आणि जुन्या बाटलीत कार्वोन सापडतं.